मानसिक आजार, घर आणि सोबत : भावे–सुकथनकर यांच्या तीन मराठी चित्रपटांची समीक्षा

प्रास्ताविक

हिंदी आणि मराठी पडद्यावर वेड दाखवण्याच्या दोन रीती फार वर्षे चालत आल्या. एक विनोदाची आणि दुसरी भीतीची. विस्कटलेले केस, विनाकारण हसणे, इस्पितळाचे लोखंडी दार, विजेचे झटके आणि शेवटी डोक्याला मार बसताच परत आलेली स्मृती, एवढ्या सामग्रीवर कितीतरी कथा उभ्या राहिल्या. प्रेक्षक हसला किंवा घाबरला. पण शेजारच्या घरातील आजारी माणूस त्याला त्यातून दिसला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचे ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३) आणि ‘कासव’ (२०१७) हे तीन चित्रपट या दोन्ही रीतींपासून दूर राहिले. पहिल्याचा विषय स्किझोफ्रेनिया, दुसऱ्याचा डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, तर तिसऱ्याचा नैराश्य. आजार वेगळे असले तरी तिन्ही चित्रपटांत एक प्रश्न समान आहे : आजारी माणसाला सांभाळायचे कोणी आणि कशाच्या बळावर?

प्रस्तुत लेखात या तीन चित्रपटांचा विचार सांभाळणाऱ्याच्या बाजूने आणि सुरतेतील परिस्थिती समोर ठेवून केला आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या शहराच्या महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर उर्दू, हिंदी, मराठी, ओडिया, तेलुगू या माध्यमांतूनही चालतात. अशा शहरात कम्युनिटी कॉलेजचा वर्ग हा अनेक भाषांचा आणि बहुतेक वेळा कष्टकरी घरांचा वर्ग असतो. विद्यार्थ्यांचे वय साधारण सतरा ते पंचवीस असते. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची पहिली लक्षणेही बहुधा याच वयात दिसतात. घरच्यांच्या आधी ती शिक्षकाच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. त्यामुळे हे चित्रपट शिक्षकाने पाहावेत, वर्गात दाखवावेत, हे योग्यच आहे. मात्र त्यांतून काय घ्यावे आणि काय जसेच्या तसे घेऊ नये, याचा विचार आधी व्हायला हवा.

चित्रपटांमागील माणसे

सुमित्रा भावे (निधन २०२१) या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक व अध्यापक. ‘बाई’ (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट झोपडपट्टीत राहणाऱ्या स्त्रीच्या जगण्यावर होता. माणसाची अडचण त्याच्या परिस्थितीसह समजून घ्यायची, ही समाजकार्यातील सवय त्यांच्या पुढील चित्रपटांतही दिसते. या तिन्ही चित्रपटांत काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हे चित्रपट प्रेक्षकांना दाखवून त्यानंतर चर्चा घडवण्याचा उपक्रम त्यांनी चालवला. मानसिक आजारावरील चित्रपट पाहून प्रेक्षकाने मुकाट्याने घरी जाऊ नये, हा त्यामागील विचार शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

‘देवराई’मागे आणखी एक नाव आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे धुळ्याकडील, म्हणजे सुरतेतील असंख्य मराठी कुटुंबांच्याच मुलखातील. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांच्या घरातच स्किझोफ्रेनियाचा अनुभव होता. त्यातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली आणि ‘देवराई’च्या निर्मितीलाही हातभार लावला. या संस्थेच्या वर्तुळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हटले जाते. हे शब्द मराठीला मिळालेली देणगीच म्हणावी लागेल. रुग्णाला नाव देताना सांभाळणाऱ्यालाही नाव देणारी भाषा सांभाळण्याला काम मानते. आपल्याकडे एरवी या कामाला नाव नसते. ते आईचे, बहिणीचे, बायकोचे असते आणि म्हणून मोजले जात नाही.

‘देवराई’ : बहिणीचे घर

कोकणातील देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातील काटकीही तोडायची नाही, असा गावाचा नेम असतो. या रानाचा ध्यास घेतलेला शेष (अतुल कुलकर्णी) हा बुद्धिमान तरुण हळूहळू आजारी पडतो. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरात आपल्या घरी घेऊन येते आणि उपचार सुरू होतात.

चित्रपटाचे सर्वांत मोठे यश असे की, प्रेक्षक शेषला बाहेरून पाहत नाही. त्याला जे दिसते, जे ऐकू येते, त्यामागे एक सलग अर्थ आहे, हे चित्रपट पटवतो. ‘हा असे का वागतो?’ या प्रश्नाऐवजी ‘याला जे दिसते ते खरेच दिसत असेल तर तो दुसरे काय करणार?’ असा प्रश्न मनात उभा राहतो. शिक्षकाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. वर्गात अचानक एकटा बसू लागलेला, अंग स्वच्छ न ठेवणारा, मित्र आपल्याविरुद्ध कट करतात असे सांगणारा विद्यार्थी बेशिस्त ठरवला जातो. त्याच्याशी वाद घालून त्याचा समज खोडून काढण्याचा प्रयत्न होतो. असा वाद निष्फळ ठरतो, आणि विद्यार्थी शिक्षकालाही त्या कटात सामील समजू लागतो. ‘तुला असे वाटते आहे आणि त्याचा तुला त्रास होतो आहे, हे कळले’ एवढे बोलणे खोटे नसते आणि संबंधही तोडत नाही.

चित्रपटाची दुसरी जमेची बाजू म्हणजे शुभंकराचा थकवा तो लपवत नाही. सीनाचे भावावर प्रेम आहे. पण तिला स्वतःचा संसारही आहे, आणि एका घरात दोन्ही गोष्टी सांभाळताना होणारी तिची ओढाताण पडद्यावर दिसते.

उणीव दोन ठिकाणी जाणवते. एक, डॉक्टरांच्या तोंडून होणारे आजाराचे विवेचन काही वेळा आरोग्य-शिक्षणाच्या पाठासारखे होते. कथा थांबते आणि माहिती सुरू होते. ज्या काळात स्किझोफ्रेनिया हा शब्दही घरोघरी अपरिचित होता, त्या काळाची ही गरज होती, असे म्हणून हा दोष सौम्य करता येईल. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. देवराई आणि शेषचे मन यांची सांगड इतकी सुंदर आहे की, आजार हा असामान्य बुद्धीचा वाटा आहे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात हा आजार हुशार-मठ्ठ, श्रीमंत-गरीब असा भेद करत नाही. सुरतेत लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या, कसलाही ध्यास नसलेल्या तरुणालाही तो होतो. त्याच्याविषयी वाटणारी कणव त्याच्या बुद्धिमत्तेवर अवलंबून राहता कामा नये.

‘कासव’ : न विचारणारी सोबत

‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ मिळाले. जीव देण्याचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) जानकी (इरावती हर्षे) या स्त्रीला रस्त्यात भेटतो. ती त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते. तो नावही सांगत नाही. ती विचारत नाही, आपल्यापुरते एक नाव देते आणि त्याला राहू देते. जानकी स्वतः मनाच्या अशाच अंधारातून गेलेली आहे. जवळच दत्ताभाऊ (मोहन आगाशे) समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम करत असतात.

कासवाचे रूपक नेमके आहे. मादी किनाऱ्यावर येते, वाळूत अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कोकणच्या किनाऱ्यावर कार्यकर्ते त्या अंड्यांभोवती कुंपण घालून राखण करतात. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने वाळूवर सोडतात. पुढचे अंतर पिल्लानेच चालायचे असते. मदत म्हणजे कुंपण घालणे आणि मग बाजूला उभे राहणे, हे या चित्रपटाला सांगायचे आहे. उपदेशाचा भडिमार करणाऱ्या आपल्या समाजाला ते ऐकण्याची फार गरज आहे. ‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी नव्हते असे काही’, ‘सब्र कर, सगळे ठीक होईल’ ही वाक्ये बोलणाऱ्याला हलके करतात आणि ऐकणाऱ्याला एकटे पाडतात. सब्र हे मोठे मूल्य आहे. परंतु बुडणाऱ्या माणसाला सब्राचा सल्ला देण्याआधी हात देणे आवश्यक असते.

असे असले तरी ‘कासव’मधील न विचारण्याची पद्धत शिक्षकाने जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे. जानकीच्या घरी तो तरुण चोवीस तास तिच्या नजरेसमोर आहे. शिक्षकाच्या समोर विद्यार्थी फार तर चार तास असतो. तो संध्याकाळी कुठे जातो, रात्री कोणाबरोबर असतो, हे शिक्षकाला माहीत नसते. म्हणून ज्या विद्यार्थ्याविषयी काळजी वाटते त्याला शांतपणे, एकांतात आणि स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे : ‘जगणे नको वाटते का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज सर्वत्र आढळतो. तज्ज्ञांच्या अनुभवाने आणि अभ्यासाने तो चुकीचा ठरवला आहे. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारले, यानेच अनेकांचा बांध फुटतो. उत्तर ‘हो’ असे आले तर त्या विद्यार्थ्याला एकटे सोडायचे नाही, घरातील विश्वासाच्या माणसाला बोलवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. ‘कोणाला सांगू नका’ असे वचन या एका बाबतीत देता येत नाही, हे विद्यार्थ्यालाही सांगायला हवे.

चित्रपटाचा भर औषधोपचारावर नसून सहवासावर आहे. कलाकृती म्हणून तो तिचा अधिकार आहे. पण वर्गातील चर्चेत ही बाजू भरून काढावी लागेल. मध्यम व तीव्र नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे या दोन्हींचा उपयोग होतो. औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही’ असे म्हणून उपचार सोडणारे बरेच असतात, कारण ही साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते.

‘अस्तु’ : माहुताची झोपडी

वरील दोन्ही चित्रपटांत सोबतीला लागणारी भौतिक सामग्री गृहीत धरलेली आहे. ‘देवराई’मध्ये बहिणीचे घर आजारी भावाला सामावून घेऊ शकते. ‘कासव’मध्ये समुद्राकाठचे घर आहे, गाडी आहे, हाताखाली माणसे आहेत आणि जानकीला उद्याच्या पगाराची चिंता नाही. सुरतेतील एका खोलीच्या घरात शांत कोपरा नसतो. कतारगाम–वेड रोड परिसरात एकट्याने राहणाऱ्या लूम कामगारांच्या खोल्यांत तर दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागी रातपाळीचा झोपतो. तेथे न बोलता, न विचारता माणसाला आठवडाभर नुसते असू देणे कसे जमावे? झोपडपट्टीतील स्त्रीच्या कथेपासून सुरुवात केलेल्या दिग्दर्शिकेला हा प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर ‘अस्तु’मध्ये काही अंशी मिळते. संस्कृतचे विद्वान डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलगी जवळ नसताना ते रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे लहान मुलासारखे निघून जातात. एकीकडे मुलगी त्यांचा शोध घेते आहे आणि दुसरीकडे ते माहुताच्या कुटुंबात पोहोचले आहेत. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) कानडी बोलणारी. तिच्याकडे ना जागा, ना पैसा, ना या आजाराचे नाव. पण समोरचा म्हातारा लेकरू झाला आहे, हे तिला ओळखता येते आणि ती त्याला लेकरासारखे खाऊ घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शास्त्रींच्या विद्वत्तेशी चन्नम्माला देणेघेणे नाही. ते पूर्वी कोण होते हे तिला ठाऊकच नाही. त्यामुळे ते आता काय उरले आहेत, याचे दुःखही तिला नाही. सुशिक्षित मुलगी वडिलांमध्ये हरवलेला विद्वान शोधत राहते. चन्नम्माला समोरची भूक दिसते. शिक्षकाने घ्यावा असा धडा या फरकात आहे. ‘हा आधी किती हुशार होता’ असे म्हणत हळहळण्यापेक्षा आज त्याने जेवण केले का, रात्री झोपला का, घरी जायला भाडे आहे का, हे पाहणे उपयोगी असते. दोघांची भाषाही एक नाही, हेही सुरतेच्या वाचकाने लक्षात घ्यावे. ज्या वर्गात चार मातृभाषांची मुले बसतात तेथे सोबत करण्यासाठी उत्तम वक्तृत्व लागत नाही, हा दिलासा या चित्रपटातून मिळतो.

तरीही एक शंका उरते. गरीब स्त्रीची माया निसर्गाने दिलेली असते, ती आटत नाही, असे मानणे सोयीचे असते. चन्नम्माची वत्सलता पाहून प्रेक्षक सद्गदित होतो. पण तिने आणखी महिनाभर हे केले असते तर तिच्या मुलांच्या ताटातले किती कमी झाले असते, हा हिशेब चित्रपट मांडत नाही. सीनाचा थकवा दाखवणाऱ्या दिग्दर्शकांनी चन्नम्माचा थकवा मात्र दाखवला नाही. मध्यमवर्गीय शुभंकर थकतो आणि गरीब शुभंकर थकत नाही, असा अर्थ त्यातून निघू नये.

दुःखाचे कारण आणि उपचाराची दिशा

इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख, असा भेद त्यांनी त्यात केला. हजार वर्षांनंतरही हा भेद सुरतेत उपयोगी पडतो. वरील तीन चित्रपटांतील आजारांचे मूळ प्रामुख्याने मेंदूत आणि मनात आहे. सुरतेतील बऱ्याच दुःखाचे कारण मात्र पगाराच्या पाकिटात सापडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती, आणि १३,०४४ विद्यार्थी होते. सुरतेतील हिरे उद्योगाला २००८ च्या मंदीत मोठा फटका बसला. २०२२ नंतर पुन्हा मागणी घटत गेली आणि कारागिरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये डायमंड वर्कर्स युनियनने सुरतेत मदतीची हेल्पलाइन सुरू केली. त्या क्रमांकावर फोन करणाऱ्यांनी काम मागितले, मुलांच्या फीची, घरभाड्याची, कर्जाच्या हप्त्यांची अडचण सांगितली. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने बेकार झालेल्या रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली, तीत मुलांची एका वर्षाची शालेय फी रु. १३,५०० पर्यंत भरण्याची तरतूद होती. जीव नकोसा झालेल्या माणसाच्या मदतीत शाळेच्या फीचा समावेश व्हावा, ही गोष्ट मानसिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसते. पण सुरतेत ती असायला हवी.

याचा अर्थ असा नव्हे की, पैशाची अडचण मिटली की मन आपोआप बरे होते. तोट्यातून सुरू झालेले नैराश्य पुढे स्वतंत्र आजार होऊन बसते आणि त्याला उपचार लागतात. तसेच घरात सर्व काही असूनही माणूस खचतो, तेव्हा कारण शोधत बसण्यात वेळ घालवू नये. दोन्ही बाजू एकाच वेळी पाहणे, हाच मार्ग योग्य ठरतो.

दवा आणि दुआ

आपल्या समाजात मन बिघडले की पहिली वाट बहुधा दर्ग्याची, बुवाची किंवा भगताची असते. ‘असर आहे’, ‘साया आहे’, ‘बाहेरची बाधा आहे’ असे म्हटले जाते. या बाबतीत हिंदू आणि मुसलमान घरांत फारसा फरक नसतो. ‘देवराई’ने देवाच्या रानाची टिंगल केली नाही. श्रद्धेला हिणवून उपचाराकडे वळवता येत नाही, ही समज त्या चित्रपटात आहे. प्रत्यक्ष जीवनात याचे उत्तम उदाहरण गुजरातमध्येच आहे. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक आजारी माणसांना घेऊन येतात. तेथे ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवण्यात आले, आणि दुआ मागून झाल्यावर त्याच परिसरात मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्याची सोय करण्यात आली. ज्या मुजावराच्या शब्दावर कुटुंबाचा विश्वास आहे, त्यानेच औषध घ्यायला सांगितले तर ते घेतले जाते.

याच्या उलट उदाहरणही विसरता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मरण पावले. बगदाद, दमास्कस, कैरो येथील जुन्या बीमारिस्तानांत मनोरुग्णांवर दयाबुद्धीने उपचार होत असत, याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला एरवाडीची लाजही बाळगावी लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

शिक्षकाची जागा

शिक्षक हा डॉक्टर नव्हे आणि त्याने निदान करू नये. ‘तुला डिप्रेशन आहे’ असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र बदल टिपण्याची जी संधी त्याच्याकडे आहे ती दुसऱ्या कोणाकडे नाही. हजेरीपट हे त्याचे पहिले साधन. नियमित येणारा विद्यार्थी सलग गैरहजर राहू लागला, अक्षर बिघडले, डबा न खाता परत जाऊ लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, तर दंड करण्यापूर्वी चौकशी व्हावी. दुसरे साधन म्हणजे नियमांतील सवड. फीचे हप्ते पाडून देणे, हुकलेली परीक्षा पुन्हा घेणे, रातपाळी करणाऱ्याला सकाळच्या पहिल्या तासाची सूट देणे, या गोष्टी शिक्षक आणि प्राचार्य मिळून करू शकतात. एका खोलीत शांत जागा नसलेल्या मुलाला ग्रंथालयातील एक कोपरा दुपारी दोन तास मिळाला, तर ‘कासव’मधील समुद्राकाठच्या घराचा थोडा अंश त्याला मिळाला, असे म्हणता येईल.

कायद्याची माहितीही शिक्षकाला असली पाहिजे. पोलीस केस होईल या भीतीने अनेक कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात आणि उपचार राहून जातात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि तिची काळजी घेणे, तिचे पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने सरसकट कलम उरलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवायचा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. हा क्रमांक सूचनाफलकावर गुजराती, उर्दू, मराठी, हिंदीत लावायला खर्च येत नाही.

शिक्षकही शुभंकर होतो आणि थकतो, हे सीनाच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. एका विद्यार्थ्याचा भार एकाच शिक्षकाने वाहू नये. किमान दोघांनी मिळून तो घ्यावा आणि वर्गाबाहेर त्याची चर्चा करू नये.

समारोप

मराठी चित्रपटाने मानसिक आजाराला विनोद आणि भीती यांतून बाहेर काढले, याचे मोठे श्रेय भावे–सुकथनकर यांच्या या तीन चित्रपटांना द्यावे लागेल. ‘देवराई’ने आजारी माणसाच्या नजरेतून पाहायला शिकवले, ‘कासव’ने उपदेश थांबवायला शिकवले आणि ‘अस्तु’ने घासभर अन्न पुढे करायला शिकवले. सोबतीसाठी लागणारी जागा, वेळ आणि पैसा यांचा हिशेब मात्र या चित्रपटांत अपुरा राहिला. त्यामुळे लिंबायतच्या किंवा वेड रोडच्या एका खोलीतून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतील घरे परकी वाटण्याचा संभव आहे. चित्रपट संपल्यावर शिक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘आवडला का?’ हा नसावा. ‘आपल्या घरी हे कसे जमेल?’ असे विचारावे, आणि उत्तरात फी, पाळी, खोली, औषधाचा खर्च असे जे जे येईल ते ते लिहून घ्यावे. त्यातील ज्या गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत, त्या पुढच्या सत्राच्या आत करून दाखवाव्यात.